एक निरुपद्रवी ओळ

प्रोग्रॅमरने अहवालात लिहिलं होतं, "प्रोग्रॅममध्ये दोष नाही. कामगाराचा निष्काळजीपणा." त्या दोन वाक्यांनी ज्याची नोकरी आज संध्याकाळी जाणार होती, तो त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. नातं आड येऊ दिलं नाही म्हणून साहेबांनी पाठ थोपटली आणि गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला.

जेवणाच्या सुट्टीत कारखाना रिकामा झाला, तेव्हा दाजी आले. उजव्या मनगटापुढे हात नव्हताच, नुसती पट्टी. डाव्या हातात पाना. ख्यालीखुशाली नाही, काही नाही, पाना थेट जबड्यावर. प्रोग्रॅमर दोन दात थुंकत, दाजींचा हात गेला त्या पत्रा ठोकायच्या प्रेसपाशी कोसळला.

"दहा हजार वेळा तपासलं, दाजी! ठोका मारून प्रेस दर वेळी वरच थांबली!"

"तेव्हा पडद्यावर आकडे पळत होते ना?"

"ती ओळ नुसते आकडे दाखवते. मशीन तुम्हाला दिलं तेव्हा काढली, तपासायला परत घातली. नुसतं बघितल्यानं काय बदलतंय?"

"मग काढ."

पाना पुन्हा वर गेला, तशी त्याने ओळ काढली. दाजींनी पाना टाकून थोट्या हाताने त्याची मान आवळली, दुसऱ्याने त्याचं डावं मनगट पकडलं आणि पायाने पॅडल दाबलं. ठोका पडला. प्रेस वर गेली की त्याचा हात साच्यात, मग बाहेर, मग पॅडल. दाजी दिवसभर असंच काम करायचे.

विसाव्या ठोक्यापर्यंत तो आईबहिणीवरून शिव्या देत होता. मग डोकं चालू लागलं. प्रेस ज्या बारीक पावलांनी वर चढते, त्यांची बेरीज वरच्या मर्यादेइतकी तंतोतंत भरली, तरच ती थांबणार, असं त्यानेच लिहिलं होतं. प्रोसेसरमध्ये त्या बेरजेला दशांशांचं लांबलचक शेपूट असतं. आकडा दाखवायचा तर आधी मेमरीत ठेवावा लागतो, तिथे जागा कमी, म्हणून शेपूट छाटलं जातं आणि बेरीज मर्यादेशी बरोब्बर जुळते. दाखवणारी ओळ काढली की शेपूट शाबूत. मग एखाद्या ठोक्याला बेरीज केसभर चुकणार आणि प्रेस वर न थांबता पुन्हा खाली येणार.

"हात काढा! दाजी, चूक माझी आहे, हात काढा!"

दाजींनी मनगट खेचलं. पॅडलवर पाय नसताना प्रेस खाली आदळली. त्याच्या करंगळीचं पेर साच्यातच राहिलं.

तो गुरासारखा ओरडत होता. दाजींनी दातांनी फडकं फाडलं आणि त्याच्या बोटाला घट्ट बांधलं.

"उजवा ठेवलाय," ते धापा टाकत म्हणाले. "तुझ्या बहिणीनं बजावलं होतं, अहवाल लिहायचा हात तेवढा शाबूत ठेवा."