तुंबडीबाबा आणि पोटातली करणी

घाटनांदूरच्या पुढच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. तुंबडीबाबा बाईच्या बेंबीवर पोकळ शिंग टेकवायचा, दुसऱ्या टोकाला तोंड लावून ओढायचा आणि थाळीत थुंकायचा. थाळीत पडायचा केसांचा गुंता, त्यात हाडकाचा तुकडा. "निघाली, करणी निघाली!" असा गलका व्हायचा आणि बाया तिथंच बाबाच्या पायावर पडायच्या.

रांगेत तेजश्री पोट दाबून बसली होती. लग्नानंतरच्या वर्षापासून तिचं पोट फुगायचं, कळा यायच्या. कधी सारखं परसाकडे पळावं लागायचं, तर कधी दिवसचे दिवस पोट साफच व्हायचं नाही. माहेरी जायला वडवणीची एसटी धरायची म्हटलं तरी धास्ती. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आणि तिथंच घरच्यांचं डोकं फिरलं. सासूने, मंजुळाबाईंनी, निकालच देऊन टाकला, "मशिनीत दिसंना म्हंजी बाहेरचं हाय. कुणीतरी खाऊ घातलंय."

कुणी? ते बाबाने मागच्या खेपेला सांगून ठेवलं होतं: घरातलीच, कुंकू नसलेली. झालं! मंजुळाबाईंच्या थोरल्या जाऊ सुंदरबाई, तेजश्रीच्या मोठ्या आई. नवरा वारल्यापासून त्यांनीच या घराची चूल सांभाळली होती. आता त्यांच्या हातचं पाणीसुद्धा कुणी घेईना. आज करणी निघाली की त्यांनी घर सोडायचं, असं ठरलंही होतं. तेजश्रीला दुखण्यापेक्षा याचाच संताप होता. आपल्या पोटाच्या नावावर एका म्हातारीला बेघर करायला निघालेत हे लोक!

म्हणून ती डोळे फाडून बघत होती. बाबाच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू. "डागदर काय देतो? गोळ्या! आन् करणी काय गोळीनं निघती व्हय? बंद करा त्या गोळ्या!" मग देवाला विचारायला तो डोक्यावरून घोंगडी घ्यायचा. बाहेर आला की मात्र नुसतं हूं हूं. थाळीत थुंकला की पुन्हा बडबड सुरू. दर बाईला हेच.

तिचा नंबर आला. बाबाने घोंगडीतून निघून शिंग उचललं, तसा तेजश्रीने त्याचा हात धरला.

"महाराज, देवाचं नाव घ्या मोठ्यानं. मंग लावा."

"हूं."

"हूं न्हाई. नाव घ्या!"

बाबाने डोळे वटारले. मंजुळाबाईंनी भाबडेपणाने हात जोडले, "घ्या की महाराज, पोरीचं समाधान हुईल." मागून एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "नाव का घेईना रं ह्यो?"

सगळं शेड बघतंय म्हटल्यावर बाबाने तोंड उघडलं आणि त्याला ठसका लागला. केसांचा गुंता हाडकासकट त्याच्याच दाढीवर लोंबकळला.

"माझ्या पोटाला हात न लावताच निघाली करणी!" तेजश्री कडाडली. "घोंगडीत घुसून गालात कोंबतो हा!" तिने घोंगडी ओढून झटकली, तसे आणखी गुंते खाली पडले. मग ती सासूकडे वळली.

"रिपोर्ट नॉर्मल म्हंजी दुखणं खोटं न्हाई आन् करणीबी न्हाई. डॉक्टर म्हणले, आतड्याला जखम न्हाई, पण ते लई हळवं झालंय. काळजीनं आणखी बिघडतंय. एका गोळीत जाणारं दुखणं न्हाई ते. वेळेवर जेवायचं, सोसत न्हाई ते टाळायचं, औषध सोडायचं न्हाई. रक्त पडलं, वजन उतरलं तर लगेच दवाखाना. यात मोठ्या आईंनी काय खाऊ घातलं, सांगा ना आत्याबाई!"

घरी गेल्यावर मंजुळाबाई जावेला म्हणाल्या, "चूल तुमचीच हाय, जाऊबाई. झालं गेलं सोडा."

सुंदरबाई जागच्या हलल्या नाहीत. "बाबा ठसकला म्हणून मी खरी ठरले व्हय? न्हाई ठसकला असता तर? इतकी वर्षं माझ्या हातचं खाल्लंत, ते कुटं गेलं?"

द्या याचं उत्तर. रिपोर्टात काही निघालं नाही तर डॉक्टरांना पुन्हा विचारा, दुसऱ्या डॉक्टरकडे जा. पण घरच्याच बाईला गुन्हेगार ठरवायला असल्या शेडपुढं रांगा लावू नका. थोडी तरी लाज बाळगा.