माशांची अठाई

पारसमलजींच्या घरी माणसं येत ती माशांसाठी, हे पारसमलजींनाही पक्कं ठाऊक होतं. बायको गेल्यापासून धुळ्याच्या त्या गल्लीत त्यांचा उंबरा ओलांडणारे दोघेच होते: दूधवाला आणि विजेचं मीटर बघणारा. दुसरा महिन्यातून एकदाच. मग अडुसष्ट साली मुलगा शांतीलाल बायकोपोरांना घेऊन जळगावला, पिंप्राळ्याकडे राहायला गेला. पाच सोनेरी माशांची काचेची पेटी मागे राहिली. एसटीत नेली तर फुटेल, असं त्यानं सांगितलं. वडील मागे राहिले त्याचं कारण मात्र सांगितलं नाही.

पेटीची बातमी गल्लीत फिरली. पुण्यासाठी कबुतरांना ज्वारी टाकायची तर गच्चीवर चढावं लागे. इथं जीव काचेत आयते बसलेले. सकाळी जैन स्थानकातून परतताना मोहनबाई कणकेच्या गोळ्या आणत, लखीचंदजी खाखऱ्याचा चुरा आणि बन्सीलाल खिशाच्या तळाशी जे सापडेल ते. रोजची दहा-बारा माणसं. वाटेत खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्याला "काय पारसभाऊ, बरंय ना?" असं विचारल्याशिवाय पेटीपर्यंत जाताच येत नसे. खुर्ची पारसमलजींनी मुद्दाम तिथं ठेवली होती.

पर्युषणात तर रांगच लागली. अन् पर्युषण सरता सरता एक मासा पोट वर करून तरंगला. उरलेल्या चौघांच्या अंगावर सरकीला चिकटलेल्या कापसासारखे पांढरे पुंजके, शेपट्या झिजलेल्या, खवल्यांखाली लाल चट्टे.

गुरांच्या डॉक्टरांनी हात टेकले. "शेठजी, मी रोग्याला दावणीला बांधून तपासतो. हे बांधू कुठं?"

तेव्हा जन्मात पहिल्यांदा पारसमलजी उपरण्यानं नाक दाबून मासळीबाजाराच्या तोंडाशी उभे राहिले. टोपलीवरच्या माश्या हाकलत बसलेली झुंबरबाई भोईण हसली.

"काय आबा, वाट चुकनात का?"

त्यांनी लांबूनच सगळं सांगितलं.

"दिनमा कितला दाव खावाले देतस?"

"मी एकदाच. पण लोक येतात, तेही…"

"बठ्ठा टाकतस ना? मंग उरेल सडस, पानी नासस, नि त्या पानीमा आंग सडस. आठ दिन काहीच टाकू नका. रोज सकायले अर्धं पानी बदला, जरासं खडामीठ टाका. नि लोकेसले घरमा येऊ देऊ नका."

माशांना उपाशी ठेवणं जमण्यासारखं होतं. माणसांना येऊ न देणं जमण्यासारखं नव्हतं. घरी पोचेपर्यंत पारसमलजींना तोडगा सापडला.

दुसऱ्या सकाळी मोहनबाईंनी कणकेच्या गोळ्या काढताच ते म्हणाले, "आज नको. मासे अठाईला बसलेत."

अठाई म्हणजे आठ दिवसांचा कडक उपास, नुसत्या पाण्यावर.

"अगं बाई! पर्युषण संपल्यावर?"

"त्यांना पंचांग कुठलं, मोहनबाई?"

गल्ली हसली, पण हात आवरले. उलट गर्दी वाढली. तपस्वी मासे बघायला वरच्या गल्लीतली माणसंही आली. मोहनबाई काचेपुढं हात जोडून "शाता आहे ना?" अशी तपस्व्यांची करतात तशी विचारपूस करून जात. पारसमलजी पहाटे उठून पाणी बदलत, मीठ टाकत. पुंजके गळाले, चट्टे फिके पडले. मासेही राहिले आणि माणसंही. इतका सोयीचा सौदा त्यांना दुकानात बसून कधी साधला नव्हता.

एक गोष्ट मात्र ते विसरले. अठाईनंतर पारणं असतं, आणि तपस्व्याला पहिला घास देण्याएवढं पुण्य कशातच नाही.

नवव्या सकाळी ओट्यावर वीस-बावीस माणसं. मुगाचं पाणी, दूध, खडीसाखर, शिरा. चांदीची वाटी घेऊन लखीचंदजी पुढं.

"पहिला घास माझा हं, पारसभाऊ. सांगून ठेवतो."

पारसमलजींनी मागं वळून पाहिलं. सावल्या पडल्या तसे चारही मासे वर येऊन तोंड उघडून उभे होते. त्यांनी दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावले.

"आत कुणी यायचं नाही."

"मग त्यांनी खायचं काय?"

"मी देईन. चिमूटभर."

"म्हणजे सगळं पुण्य एकट्यालाच?" लखीचंदजी म्हणाले.

"अठाई नव्हती ती. आजारी होते. आपण चारून चारून सडवले त्यांना. भोईणीला विचारून आलोय."

मग मोहनबाई हळूच म्हणाल्या, "मासळीबाजारात जाऊन आलात? आणि आम्हाला आठ दिवस हात जोडायला लावलेत?"

माणसं उतरून गेली. बन्सीलाल तेवढा थांबला, तोही हातातला शिरा संपेपर्यंत.

दिवाळीपर्यंत मासे पुन्हा लखलखीत झाले. ते बघायला कुणी आलं नाही. एकच खोड राहिली. काचेवर कसलीही सावली पडली की चौघे धडपडत वर येत आणि तोंडं उघडून वाट बघत. चिमूट तर दिवसातून एकदाच द्यायची. शेवटी पारसमलजींनी खुर्ची उचलून समोरच्या भिंतीशी नेली. तिथून मासे नुसते चार पिवळे ठिपके दिसत.

महिनाअखेरीस मीटर बघणारा आला. आकडा लिहून घेता घेता म्हणाला, "शेठजी, इतके लांब का बसता?"

"जवळ गेलं की त्यांना वाटतं," पारसमलजी म्हणाले, "कुणीतरी आलं."