रेषेवरचं शटल

रेजीने डब्यातलं नवं शटल काढलं, नाकाशी नेलं आणि हुंगलं. मग पिसांची टोकं एकेक करून बोटाने चाचपली.

"टीसीसाहेब, शटल आहे ते, मासळी नव्हे," पंचांच्या उंच खुर्चीवरून कवलायिल सर म्हणाले, आणि बाकांवरच्या मंडळींना हसायला निमित्त मिळालं.

रेजी हसला नाही. वाफ दिलेलं शटल जास्त टिकतं आणि पिसांची टोकं जराशी बाहेर वळवली की ते मंदावतं, हे त्याला ठाऊक होतं. ज्याला असली गोष्ट ठाऊक असते, त्याला दुसराही ती करत असणार याची खात्रीच असते. त्यात आज त्याच्या लेकीसमोर होत्या शेजारच्या मुंडक्कयमच्या पोरी. मुंडक्कयमच्या लोकांवर रेजीचा विश्वास नव्हता. तसा तो स्वतःच्या कांजिरप्पळ्ळीच्या लोकांवरही नव्हता, पण ते निदान ओळखीचे होते.

खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत लागला, टीसी झाला, तेव्हा त्याची बायको बीना म्हणाली होती की सरकारने आयुष्यात एकदाच योग्य माणसाला योग्य जागी बसवलं. सगळं जग विनातिकीट चाललंय आणि तिकीट काढून बसलेले आपण एकटेच, असा रेजीचा पक्का समज होता. "पोपसाहेब आले तरी हा बाबा ओळखपत्र मागेल," असं ती माहेरी सांगायची, आणि तिच्या माहेरचे हसण्यावारी न्यायचे. त्यांनी नेमकं का हसण्यावारी न्यावं, याचाही रेजीला संशय होताच.

चर्चच्या जत्रेतली स्पर्धा म्हणजे तशी काही फार मोठी गोष्ट नव्हे. पत्र्याच्या हॉलमध्ये एकच कोर्ट, बाहेर पायऱ्यांपाशी बांधलेला बोकड हे पहिलं बक्षीस आणि नेंद्रन केळ्यांचा घड हे दुसरं. पण आज अंतिम सामना बघायला भिंतीला टेकून सिबी उभा होता. तोच सिबी, जो भारताचा शर्ट घालून मलेशियापर्यंत खेळून आला आणि आता कोचीत अकादमी चालवतो. त्याने निरोप धाडला होता: जिलू आणि मेरिन, दोघींना जोडीनेच माझ्याकडे पाठवा, राहायचं-खायचं मी बघतो. मेरिन त्याच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. आणि जिलू रेजीची.

तेव्हा आज पोरीचं काय ते ठरायचं होतं. मेरिनच्या घरून कधीच होकार गेला होता. अडलं होतं ते रेजीपाशी. सामना बघतो आणि सांगतो, असं त्याने कळवलं होतं.

जिलू पंधरा वर्षांची. खेळ बापापेक्षा सरस, हे बापही मनातल्या मनात कबूल करायचा. रेजीने आजवर तिच्या तीन जोडीदारणी बदलल्या होत्या. एक प्रतिस्पर्धी पोरींशी हसून बोलायची म्हणून, एकीचा बाप जमिनींची दलाली करायचा म्हणून. तिसरी का बदलली हे आता त्यालाही आठवत नव्हतं. मेरिनच्या वेळी मात्र जिलूने सांगून टाकलं होतं, "हिला काढलंत तर रॅकेट विहिरीत टाकीन, अप्पा." म्हणून रेजी गप्प होता. गप्प, पण डोळा ठेवून.

त्याचं म्हणणं साधं होतं. सिबीला भाचीला पुढे काढायचंय. तिच्या मागे धावपळ करायला एक चांगली, मुकाट पोरगी हवीय. काम झालं की जिलूला कढीपत्त्यासारखं उचलून ताटाबाहेर ठेवणार. या माणसाने एकदा ते करून दाखवलं होतं, आणि दुधाने तोंड पोळलेल्याने ताक फुंकून प्यायलं तर त्याला हसू नये.

गोष्ट जुनी होती. राष्ट्रीय स्पर्धा त्या वर्षी कोट्टयमला होती. रेजी आणि सिबी याच पत्र्याखाली वाढलेले, एकाच पानात उकडलेला कप्पा कंद आणि मासळीची आमटी ओरपलेले. उपांत्य सामना जिंकला असता तर दोघं भारताच्या शिबिराला जाणार, हे निवड समितीच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सामना शेवटच्या गुणावर आला. समोरच्याने शटल उंच उचलून मागच्या कोपऱ्यात टाकलं. रेजी त्याच्या खाली पोहोचला होता, रॅकेट वर होती, आणि कानावर आलं, "सोड!"

दुहेरीत जोडीदाराने सोड म्हटलं की सोडायचं असतं. तिथे विचार करायला वेळ नसतो. रेजीने रॅकेट खाली घेतली. शटल रेषेवर पडलं.

पुढच्या महिन्यात शिबिराचं बोलावणं आलं ते एकट्या सिबीला. तिथे त्याला बंगळुरूचा कुणी नवा जोडीदार मिळाला. हे कळलं त्या संध्याकाळी घरी रेजीचे वडील, ज्यांना सारं गाव अप्पच्चन म्हणतं, ताटावरून उठून गेले होते. "त्या घराण्याचं रक्तच तसं," हात धुताना ते म्हणाले. "याच्या आजोबाने माझ्या बापाची बांधाची कड खाल्ली. यानं तुझी रेष खाल्ली." एवढं ऐकल्यावर रेजीला सिबीला काही विचारायची गरजच उरली नाही. ती काळ्या दगडावरची रेघ झाली. समोरासमोर आले की "कसं काय", "बरं चाललंय", आणि एवढ्यावर बावीस वर्षं निघाली.

अंतिम सामन्याआधी चहाची सुट्टी झाली. रेजी कोरा चहा घेऊन खांबाशी उभा होता, तिथे सिबी येऊन ठाकला. केस पांढरे झाले होते, पोट आलं होतं. डाळवड्याचा तुकडा मोडत तो म्हणाला की पोरींची जोडी छान जमलीय, एकमेकींकडे न बघता खेळतात, असं हजारांत एखाद्या जोडीचं होतं. तुझंमाझं झालं होतं तसं.

हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं.

"जोडीच्या गोष्टी तू सांगू नकोस," रेजी म्हणाला. "सोड म्हणालास आणि मलेशियाला गेलास."

सिबीच्या तोंडातला वडा तोंडातच राहिला. "कोण म्हणालं सोड?"

"मीच म्हणालो असेन मग."

"अरे, मी जाळीपाशी होतो. माझी पाठ होती तुझ्याकडे."

"मान वळवून मागे बघायची खोड होती तुला. कवलायिल सर ओरडायचे त्यावरून."

"होती. त्या दिवशी नाही वळलो. भीती वाटत होती मला," सिबी म्हणाला. मग खाली बघत, "मला वाटलं तूच सोडलंस. माझा कंटाळा आला असेल तुला. माझी भांडणं, माझे नखरे. मला आजवर तेच वाटत आलंय, रेजी."

रेजीने चहाचा ग्लास कठड्यावर ठेवला. काय बेमालूम उत्तर तयार केलंय, त्याच्या मनात आलं. बावीस वर्षं घोटलं की कुठलीही थाप गुळगुळीत होते. विनातिकीट प्रवासी नेमके असेच खाली बघून बोलतात. त्याने मनाशी नक्की करून टाकलं: जिलू जाणार नाही. सामना संपला की सांगायचं. विहिरीत टाकू दे रॅकेट.

तो जागेवर जाऊन बसला. जागा नेहमीची, कोर्टाच्या मागच्या रेषेच्या थेट पाठीमागचा बाक. शेजारी अप्पच्चन, दोन्ही हात छत्रीच्या मुठीवर ठेवून. वय पंच्याऐंशीच्या पुढे, कान जरा जड झालेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. पण ते असे मागच्या रेषेपाठी बसल्याशिवाय त्यांच्या घरातलं कुणी आजवर खेळलं नव्हतं. आधी रेजी, आता नात.

सामना रंगला. मुंडक्कयमच्या पोरी दणकट होत्या आणि, रेजीला मान्य करावं लागलं, प्रामाणिकही. पहिला गेम त्यांनी घेतला, दुसरा आपल्या पोरींनी. तिसऱ्यात शेवटाकडे दोन्ही बाजू बरोबरीत आल्या आणि हॉल चिडीचूप झाला. बाहेर बोकड ओरडला तेवढाच आवाज. रेजीची नजर शटलवर नव्हती. ती मेरिनच्या पाठीवर होती. ही पोरगी कधीतरी दगा देणार, आणि तो आपण आपल्या डोळ्यांनी पकडायचा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

समोरून शटल उचललं गेलं. उंच, पत्र्यापर्यंत, जिलूच्या मागच्या कोपऱ्याकडे. जिलू मागे सरकत खाली आली, रॅकेट वर गेली.

"सोड!"

जिलूने रॅकेट खाली घेतली. शटल रेषेवर पडलं.

रेजीने शेजारी बघितलं. आवाज त्याच्या कानाच्या वीतभर अंतरावरून आला होता. म्हातारपणाने चिरका झालेला, बारीक झालेला, पण हेल तोच आणि शेवटच्या अक्षरावरचा दाबही तोच. हा आवाज त्याने आयुष्यात आधी एकदा ऐकला होता आणि त्याच्यावर दुसऱ्याचं नाव चिकटवून ठेवलं होतं.

हॉलमध्ये आवाज घुमतो. कुठून आला ते पुढे उभ्या असलेल्याला कळत नाही.

जिलू मेरिनकडे वळली होती. नुसती बघत होती. ती नजर रेजी रोज दाढी करताना आरशात बघायचा.

"मी नाही म्हणाले," मेरिन म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "देवाशपथ, जिलू, मी नाही म्हणाले."

जिलूच्या चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही. मेरिन शपथ घेत होती आणि जिलूला ती खोटी वाटत होती, हे शेवटच्या बाकापर्यंत कळत होतं. एवढ्याशा वेळात आयुष्यभराचं वैर होतं, हे रेजीइतकं त्या हॉलमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. शेजारी अप्पच्चन छत्रीच्या मुठीवर समाधानाने बोटं वाजवत होते.

रेजी उभा राहिला.

"आवाज माझा होता," तो मोठ्याने म्हणाला. "त्या पोरीचा नाही. मी ओरडलो."

कवलायिल सर खुर्चीवरून वाकले. प्रेक्षकांनी ओरडायचं नाही हे तुम्हाला मी सांगायचं का, म्हणाले, तुम्ही स्वतः खेळाडू. गुण काही परत मिळणार नाही. "टीसीसाहेब, खाली उतरा. गाडीतून उतरवतोय तुम्हाला," ते म्हणाले, आणि सारा हॉल हसला.

जिलूने बापाकडे बघितलं, मग मान खाली घातली. मेरिनपाशी जाऊन तिच्या पाठीवर रॅकेट हलकीच टेकवली. रेजीला तेवढं दिसलं. भिंतीपाशी सिबी उभा होता. तो रेजीकडे बघत नव्हता. तो अप्पच्चनकडे बघत होता.

रेजीने वडिलांचा दंड धरला आणि त्यांना मागच्या दाराने बाहेर नेलं. बाहेर जायफळं वाळत घातली होती. त्याने त्यांना झाडाखालच्या दगडावर बसवलं.

"तू कशाला कबूल झालास?" अप्पच्चन म्हणाले. "ओरडलो मी. बाहेर जात होतं ते. मी होतो म्हणून पोरीला कळलं."

"हो, अप्पच्चा."

"रेषेवर म्हणाले? लबाड आहेत." त्यांनी छत्री जमिनीवर आपटली. "तुझ्या वेळीही मीच सांगायचो सगळं. मागून मलाच दिसायचं. तू काय उगाच एवढे सामने जिंकलास?"

"कोट्टयमलाही सांगितलंत?" रेजीने विचारलं.

"सगळीकडे सांगायचो," म्हातारा अभिमानाने म्हणाला. "एक सामना चुकवला नाही मी तुझा."

ज्या माणसाने ताटावरून उठून रेजीच्या वतीने बावीस वर्षं दुसऱ्याला शिव्या दिल्या, त्याला आता या वयात काय सांगायचं? सांगून कुणाचं भलं होणार होतं? हॉलमधून टाळ्या आल्या, आणि त्यातल्या मुंडक्कयमच्या शिट्ट्या कानात बसल्या. बोकड गेला.

जरा वेळाने पोरी बाहेर आल्या. केळ्यांचा घड दोघींनी मिळून धरला होता. तो एकीकडे कलत होता आणि मेरिन हसत होती. त्यांच्या मागून सिबी आला. रेजी उठून त्याच्यासमोर गेला. बोलायचं पुष्कळ होतं, पण मागे म्हातारा बसला होता.

"जिलूला पाठवतो," एवढंच तो म्हणाला. "जोडीने राहू दे त्यांना."

सिबीने मान डोलावली.

"कुणाबरोबर पाठवतोस?" अप्पच्चन दगडावरून ओरडले. "याच्याबरोबर? रेजी, अरे, विसरलास का सगळं?"

"माणूस बरा आहे, अप्पच्चा," रेजी म्हणाला. आणि तो वाकून त्यांची चप्पल सरळ करत बसला.

चर्चच्या आवारातून रस्त्याकडे उतरायला दगडी पायऱ्या आहेत, उंच आणि झिजलेल्या. रेजीने वडिलांना एका बाजूने धरलं. दुसऱ्या बाजूने सिबीने हात पुढे केला, तसा म्हाताऱ्याने तो छत्रीने बाजूला सारला. "याचा हात नको," ते म्हणाले.

सिबीने हात मागे घेतला. तो दोन पायऱ्या खाली उतरला, त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिला, आणि म्हातारा एक पायरी उतरला की तोही एक पायरी मागे उतरू लागला. पाय घसरलाच तर म्हातारा त्याच्या अंगावर पडला असता. शेवटच्या पायरीपर्यंत तो तसाच, उलटा उतरत गेला.