टोपीवाल्याला सांगितलं ते

बाइंडरला राग यावा असं टोपीवाल्याने खरं तर काहीच केलं नव्हतं. इस्पितळातल्या केमोच्या खोलीत तो बाइंडरच्या बायकोशेजारच्या खुर्चीत बसायचा. डोक्यावर विणलेली टोपी, हाताला तिच्यासारखीच सुई आणि नळी. दोघांची पाळी एकाच दिवशी यायची. बायको त्याच्याशी बोलताना हसायची, आणि बाइंडर थर्मास घेऊन आत आला की गप्प व्हायची. जळायला एवढं सरपण पुरे होतं.

घरी हीच बायको जेमतेम हो-नाही म्हणायची. दोघांचा बाइंडिंगचा धंदा. एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून संसार केलेला. ती त्याने मेण लावून दिलेल्या दोऱ्याने पानांचे गठ्ठे शिवायची, तो खळ लावून पुठ्ठे चढवायचा. नुसत्या दोरा ओढण्यावरून आपल्याला हिच्या मनातलं कळतं, अशी त्याची घमेंड होती. आता त्या टोपीवाल्याने ती पार उतरवली.

खरा पेच होता पुढच्या औषधाचा. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून नीट सांगितलं होतं, की आजार पुरता जाणार नाही, पण काही काळ रोखता येईल. एक औषध जालीम. त्याने कदाचित जास्त दिवस मिळतील, पण बोटं बधिर होतील, बहुधा कायमची. दुसरं सौम्य, पण त्याचा जोर कमी. "तुम्हाला जास्त महत्त्वाचं काय वाटतं?" असं त्यांनी बायकोला विचारलं आणि उत्तर दिलं बाइंडरने.

"जगणं! दुसरं काय वाटणार? जालीम द्या."

 डॉक्टरीणबाई बायकोलाच म्हणाल्या, पुढच्या भेटीपर्यंत विचार करा. तो तिने केलाही, पण कोणाबरोबर, ते बाइंडरला कॉफीच्या मशीनपाशी कळलं.

"तुमच्या मंडळींनी सौम्य औषध ठरवलं म्हणे," टोपीवाला कप भरता भरता म्हणाला. "बरं केलं."

"ठरवलं? कधी?"

टोपीवाल्याने जीभ चावली. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

बाइंडरच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी पोचून दार लावलं मात्र, आणि तो फुटला.

"परक्या माणसाला सांगतेस? मी काय मेलो होतो?"

"त्यांना सांगता येतं," ती चपला काढत म्हणाली. "मी गेले तर त्यांचं काही अडणार नाही. तुम्हाला सांगायला बसले की तुमचे डोळे भरतात. मग आजारी मी, आणि समजूत काढायची तुमची."

हे खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

"आणि जास्त दिवस नकोत तुला? माझ्याबरोबरचे?"

"हवेत ना. पण बोटं गेल्यावर त्या दिवसांत मी करू काय?"

"आराम कर! शिवायला ठेवू की कोणीतरी. मी बोललोय एका बाईशी. हात चांगला आहे तिचा, बोलायलाही मोकळी आहे..."

तो अडखळला. बायकोचा चेहरा लालबुंद झाला होता. इतका रंग त्या चेहऱ्यावर किती दिवसांत आला नव्हता.

"हेच," ती म्हणाली. "हेच सांगितलं मी त्यांना. मी आत पलंगावर पडलेली, आणि बाहेर माझ्या जागेवर ती मोकळी बाई. तुम्ही तिला दोऱ्याला मेण लावून देणार. ती काहीतरी बोलणार, तुम्ही खिदळणार, आणि मला आत सगळं ऐकू येणार. मी गेल्यावर हवं तिला बसवा. माझ्या डोळ्यांदेखत नाही!"

 इतके दिवस जळणारे आपण एकटेच, असं बाइंडर समजून चालला होता. त्याला हसू आलं, आणि हसता हसता व्हायचं तेच झालं, डोळे भरले.

"झालं सुरू," ती म्हणाली. पण समजूत काढायला जवळ आली नाही. रडू दिलं त्याला.

पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा बाइंडरने तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

"सौम्य," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाई त्याच्याकडे वळल्या. "तुम्हाला चालेल ना?"

"नाही चालणार," बाइंडर म्हणाला. "पण तेच द्या."