मी वाजायची थांबले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे. शाळेची नाही, देवळातलीही नाही, मेंढ्याच्या गळ्यातली. आधीच सांगून ठेवते, मला एका जागी गप्प बसता येत नाही. पोटातला लोलक जरा हलला की मी बोलते. हे सांगतानाही माझी चुळबुळ चालूच आहे, तेव्हा मध्येच किणकिण झाली तर रागावू नका.

इंदापूरच्या एका ओताऱ्याने मोडीतली भांडी वितळवून मला ओतलं, कानशीने घासलं आणि बाजारात मांडलं. कळंबच्या बिरदेवने मला उचलून कानाशी हलवलं, खाली ठेवलं, दुसरी हलवली, पुन्हा मला घेतलं. ओतारी वैतागून म्हणाला, "अरं, घंटी घेतोयस का नवरी बघतोयस?" बिरदेव म्हणाला, "नवरी हाक तरी मारती. हिचा आवाज लांबनं वळखू याया पायजे." मग त्याने लोकरीच्या दोरात ओवून मला कळपाच्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यात बांधलं.

काय दिवस होते ते! दिवाळी झाली की कळप कोकणात उतरायचा आणि उन्हाळा सरता सरता परत यायचा. मी सगळ्यांच्या पुढे. दुपारी बिरदेव बाभळीखाली आडवा व्हायचा. माझा आवाज चालू असला की तो बिनघोर घोरायचा. मी थांबले की ताडकन उठून बसायचा. जग आवाजाने जागं होतं, हा गडी आवाज थांबला की जागा व्हायचा. एकदा कालव्याच्या कडेला मेंढ्याचा पाय दगडांच्या फटीत अडकला. तो मुका जीव ओरडलासुद्धा नाही, नुसता उभा राहिला. मी गप्प झाले, आणि बिरदेव उठायच्या आत त्याची बायको बानूबाई हातातली भाकरी टाकून पळत आली. ती धाव मी अजून विसरलेले नाही.

पुढे कालव्याचं पाणी सगळीकडे फिरलं, माळाचा ऊस झाला आणि चरायला रान उरलं नाही. कळप विकला गेला. बिरदेवही गेला. त्याचा मुलगा दादासो ट्रॅक्टरवर ऊस वाहू लागला आणि मी खुंटीला टांगली गेले. कोळ्याने माझ्या तोंडावर जाळं विणलं. दारातून वारा यायचा, पण माझ्यापर्यंत पोचायचा नाही. आतल्या आत माझा जीव नुसता तळमळायचा.

मला खाली काढलं ते दादासोच्या लेकीसाठी. तिचं नाव स्वप्नाली. ती बोलत नव्हती. हाक मारली तरी बघायची नाही. मनाविरुद्ध झालं की स्वतःचंच मनगट कडकडून चावायची. एकदा ती अशीच रडत होती, तेव्हा बानूबाईने काहीच सुचेना म्हणून मला तिच्या हातात दिलं. तिने मला डाव्या कानाशी धरलं, हलवलं आणि रडणं थांबवलं. त्या दिवसापासून मी पुन्हा कामाला लागले. भूक लागली की ती मला भराभर हलवायची, भ्याली की हळूहळू. याचा अर्थ कुणी लावत बसलं नाही. पण मी वाजले की घरातलं कुणी ना कुणी उठून बघायचं, हे मात्र खरं.

पंच्याण्णव साली तिला बारामतीच्या एका शाळेत घातलं. न बोलणाऱ्या, उशिरा शिकणाऱ्या मुलांची ती शाळा भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. तिथे करुणाबाई होत्या. इंदापूरच्या भानुदास कारकुनांची ही लेक पुण्याला खास शिक्षण घेऊन आली होती. मूल एखादी गोष्ट करतं तेव्हा आधी काय झालेलं असतं, नंतर त्याला काय मिळतं, हे बारकाईने बघायचं आणि त्यावरून त्याची सवय बदलायची, हे त्यांचं काम. बाई मोठ्या चिकाटीच्या. डबा खातानाही त्यांची नजर मुलांवर असायची, भाजी कुठली होती ते विचारलं तर सांगता आलं नसतं.

स्वप्नाली वर्गात सारखी उठायची, मनगट चावायची आणि दिवसभर मला वाजवायची. बाकीची मुलं कानावर हात ठेवायची. बाईंनी तिला बिस्किटं देऊन पाहिली, रंगीत खडू देऊन पाहिले. तिला कशाचंच सोयरसुतक नव्हतं. तिला हवी होते फक्त मी. मग बाईंनी ठरवलं: घंटी कपाटात राहील. हात मांडीवर ठेवून गप्प बसलीस की घंटी मिळेल, थोडा वेळ. मग पुन्हा कपाट.

आणि मित्रांनो, ते लागू पडलं. काचेच्या दाराआडून मी बघत होते. आधी तिने आकांत केला, मग कुरकुर, मग एके दिवशी हात मांडीवर ठेवले. बाईंनी लगेच मला तिच्या हातात दिलं. हळूहळू ती जास्त वेळ बसू लागली. मनगटावरचे व्रण सुकले. मुख्याध्यापक महिपतराव इतर शिक्षकांना दाराशी आणून दाखवू लागले, "बघा, काय होती आणि काय झाली." माझंही कौतुक झालं. या घंटीने जादू केली म्हणे. जादू करणारीला कपाटात कोंडतात, हे मला तेव्हा कळलं.

पण महिपतरावांचं तेवढ्याने भागेना. ते म्हणाले, "घरी फुकट मिळत असेल तर इथं ती कशाला बसेल? घरीही बंद करा. शाळा सुटली तरी घंटी इथंच राहू दे." करुणाबाई घुटमळल्या. त्यांनी बानूबाईला बोलावून विचारलं. बानूबाई म्हणाली, "बाई, तुमी शिकल्याली मानसं. तुमाला जे बरं वाटंल ते करा." बाईंनी मान हलवली. पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं, हा होकार त्यांच्या पचनी पडला नव्हता. तरीही मी कपाटातच राहिले.

पुढचे दिवस शाळेत शांतता होती. शाळेचा कार्यक्रम जवळ आला होता. बाहेरगावचे पाहुणे येणार होते. त्यांना शाळा आवडली तर पक्की इमारत होण्याची आशा होती, आणि त्यांच्यासमोर स्वप्नालीला बसवून दाखवायचं ठरलं होतं. ती बसतही होती, अगदी पुतळ्यासारखी. सगळे खूश होते. एकटी मी कपाटात अस्वस्थ होते. का, ते मला सांगता येत नव्हतं. दार बंद, लोलक स्थिर, आणि तरी मला वाटायचं, कुणीतरी उठायला हवंय.

एका दुपारी बाईंनी मला बाहेर काढून तिच्यापुढे धरलं. तिने हात पुढे केला नाही. हात मांडीवरच होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तोंडातून आवाज नाही, चावणं नाही, काही नाही. बाई खाली वाकल्या. त्यांना वास आला. त्यांनी तिचे केस बाजूला केले. डाव्या कानातून पू वाहून मानेवर सुकला होता.

बाईंनी मला तिच्या मुठीत कोंबलं आणि तिला उचलून त्या कानाच्या डॉक्टरांकडे निघाल्या. बानूबाई तिला न्यायला दारात आलीच होती, तीही मागे धावली. डॉक्टरांनी कान तपासला. पडदा फुटला होता. ते म्हणाले, "हे आजचं दुखणं नाही. इतके दिवस मूल रडलं नाही?"

बानूबाई म्हणाली, "न्हाय डाक्टर. लई गुणाची झालीया आता. गप बसती."

बोलता बोलता ती थांबली. आवाज थांबला म्हणून भाकरी टाकून धावणारी हीच ती बाई, मित्रांनो. तिलाही त्या गप्पपणाचं कौतुक वाटलं होतं. तिने पदर तोंडाशी नेला आणि नातीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. करुणाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना रडायला येत होतं, पण त्या रडल्या नाहीत. आता रडत बसणं म्हणजे स्वतःचं समाधान करून घेणं, असं काहीतरी त्या पुटपुटल्या.

दुसऱ्या दिवशी त्या महिपतरावांसमोर मला घेऊन गेल्या.

"सर, मी हे बंद करतेय."

"कानाचं झालं ते वाईटच झालं," महिपतराव म्हणाले. "औषध चालू आहे ना? मग आराखडा कशाला मोडता? शनिवारी पाहुणे यायचेत."

"ती गप्प बसते, कारण मी तिचं बोलणं कपाटात ठेवलंय."

"बाई, चावणं थांबलं का नाही? तुम्हीच थांबवलंत."

"थांबवलं. पण तिला दुखतंय हे सांगायचा दुसरा मार्ग दिला नाही. नुसतं गप्प बसायला शिकवलं."

महिपतरावांनी वर पत्र्याकडे बोट दाखवलं. "हे छप्पर गळतं. या चाळीस पोरांना कोरड्या जागी बसवायचंय मला. एका शनिवारचा प्रश्न आहे. सोमवारी हवं ते करा."

ते वाईट गृहस्थ नव्हते, हे सांगायला हवं. घरातली खुर्चीसुद्धा त्यांनी शाळेत आणून ठेवली होती. म्हणूनच बाईंना उत्तर देणं जड गेलं. त्या मला या हातातून त्या हातात करत राहिल्या. नोकरी पहिलीच होती, कायमही झाली नव्हती. शेवटी म्हणाल्या, "सोमवारपर्यंत तिला काही दुखलं तर, सर?"

महिपतरावांनी कागद पुढे ओढले. "मग जबाबदारी तुमची."

"ती होतीच, सर," बाई म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

बानूबाई नातीला घेऊन ओट्यावर बसली होती. बाई तिच्याशेजारी खालीच बसल्या आणि त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. घंटी का काढून घेतली, त्यातून काय मिळालं, काय गमावलं, चूक कुणाची. मग म्हणाल्या, "आता मला तिला घंटी वाजवून बोलवायला शिकवायचंय. ती वाजवेल, मी जाईन. आधी आधी ती फार वाजवेल, घरीही त्रास होईल. कदाचित पुन्हा चावेलसुद्धा. पटत असेल तरच हो म्हणा, आज्जी. आणि मधेच नको वाटलं तर नाही म्हणा."

बानूबाईने विचारलं, "शाळंच्या बाईला न्हाय म्हनता येतंय व्हय?"

"येतं. मागच्या वेळी मी ते सांगायला हवं होतं."

"मग ऐका," बानूबाई म्हणाली. "कपाटात ठिवायला न्हाय. शिकवायला व्हय." आणि तिने पिशवीतून लोकरीचा नवा दोर काढून मला नातीच्या मनगटाला बांधलं, जिथे ती चावायची तिथेच.

मग काय विचारता! मी वाजायची आणि बाई यायच्या. पुन्हा वाजायची, पुन्हा यायच्या. स्वप्नालीला आधी खरंच वाटेना. ती वाजवून बघायची आणि बाई आल्या की तोंड फिरवायची. बाईंच्या हातातला खडू हातातच राहायचा, चहा गार व्हायचा. बाकीचे शिक्षक म्हणायचे, घंटी मुलीच्या हातात आणि दावं बाईंच्या गळ्यात. दोनदा तिने मनगट चावलं. बाई हबकल्या, पण त्यांनी मला काढून घेतलं नाही.

शनिवारी मांडव उभा राहिला, कर्णा लागला, पाहुणे आले. महिपतरावांनी स्वप्नालीला पहिल्या ओळीत बसवलं होतं. बाई व्यासपीठाच्या बाजूला हारांचं तबक घेऊन उभ्या होत्या. मुख्य पाहुणे भाषणाला उठले. त्यांनी मुलांच्या शिस्तीची तारीफ केली आणि पहिल्या ओळीकडे हात केला. स्वप्नाली हात मांडीवर ठेवून बसली होती. माझा लोलक जागच्या जागी होता. मला धडकी भरली. ती पुन्हा तशीच बसून राहिली तर?

मग तिचं मनगट हललं. मी वाजले.

पाहुणे थांबले, हसले, पुढे बोलू लागले. मी पुन्हा वाजले, भराभर. महिपतरावांनी बाईंकडे बघून डोळे वटारले. बाईंनी तबक खाली ठेवलं आणि सगळ्यांच्या समोरून, भाषण चालू असताना, चालत येऊन त्या मुलीपुढे गुडघे टेकले.

स्वप्नालीने त्यांचा हात धरला आणि आपल्या डाव्या कानावर नेऊन ठेवला.

कर्णा अगदी तिच्या डोक्यावर होता. बाईंनी वळून सांगितलं, "कर्णा बंद करा. तिचा कान दुखतोय." कुणी हललं नाही. मग त्या उठल्या आणि त्यांनी स्वतःच तो बंद केला. पाहुण्यांनी उरलेलं भाषण चेहरा पाडून आटोपतं घेतलं. मागच्या ओळींत कुजबुज झाली. बानूबाई मात्र मांडवाच्या खांबाशी उभी राहून डोळे पुसत होती.

इमारत त्या वर्षी झाली नाही, हे लपवत नाही. पुढच्या पावसाळ्यातही छप्पर गळलं. महिपतराव बरेच दिवस बाईंशी कामापुरतंच बोलले. बाई नोकरीत राहतील की नाही, याची टांगती तलवार वर्षभर होती. पण एक सांगते. एकदा बाई रजेवर असताना मी वाजले, आणि महिपतराव हातातलं काम टाकून खुर्चीतून उठले. स्वप्नालीला तहान लागली होती. त्यांनी तांब्या आणून दिला आणि ती पिईपर्यंत तिथेच उभे राहिले.

आता माझी कड झिजली आहे, आवाज जरा चिरका झाला आहे. स्वप्नाली मोठी झाली, हातांच्या खुणाही शिकली. तरी मी तिच्या मनगटावर आहेच. मित्रांनो, मला चिंच लावून घासा, तेल द्या, असं काही मागणं मी मागणार नाही. मी वाजले की रागावलात तरी चालेल. पण तुमच्या वर्गात, घरात कुणी फार गप्प, फार गुणी बसलेलं दिसलं, तर शाबासकी देण्याआधी जवळ जाऊन एकदा विचारा. आणि कधी मी वाजायची थांबले, तर हातातली भाकरी टाकून या.