शर्टाचं टोक

रिमोटवरची विमानं उडवणाऱ्या हौशी मंडळींच्या मैदानावर त्यांना सगळे सुईमास्तर म्हणत. छोट्या विमानाच्या इंजिनात पेट्रोल किती जाऊ द्यायचं, हे कार्बोरेटरमधली एक सुई ठरवते. ती सैल केली की इंजिन जाड आवाजात गुरगुरतं, धूर ओकतं. आवळत गेलं की आवाज बारीक, तरतरीत होतो. आणि फाजील आवळली तर इंजिन पेट्रोलवाचून तापतं आणि ऐन हवेत बंद पडतं. नेमकं कुठे थांबायचं, हे मास्तर कानाने ठरवत. पंख्याचे फेरे मोजायचं यंत्र कुणी पुढे केलं तर म्हणत, "ते ठेव तुझ्या खिशात. मला देवाने दोन दिलेत, फुकट."

ते दोन्ही कधीच कामातून गेले होते. उमेदीची सगळी वर्षं पत्रा ठोकायच्या कारखान्यात गेली. त्या दणदणाटाने आधी बारीक आवाज नेले, मग हळूहळू बाकीचेही. बोलणाऱ्याचे ओठ वाचून ते निभावत, म्हणून हे फक्त बायकोला ठाऊक होतं, आणि तोडगाही तिनेच काढला होता. सुटीच्या दिवशी ती मैदानावर सोबत यायची, इंजिन सुरू झालं की त्यांच्या खांद्याशी उभी राहायची आणि आवाज जमला की हळूच त्यांच्या शर्टाचं टोक ओढायची. बघणाऱ्यांना वाटे, म्हातारपणी प्रेम अगदी उतू चाललंय.

मैदानावर येणाऱ्या एका दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना सांभाळून मोठ्या हौसेने एक विमान बांधलं होतं. त्यात जुनं, ठिणगीवर चालणारं इंजिन बसवलं होतं. ते काही केल्या सुरू होईना. मास्तरांनी प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवला, पंखा फिरवला. ठिणगी मरतुकडी, पिवळी. त्यांनी ठिणगी पाडणारे पॉइंट घासून साफ केले, कंडेन्सर बदलला, बॅटरीच्या तारेचा सुटत आलेला टाका पुन्हा मारला. ठिणगी निळी झाली, तरी इंजिन भुर्रकन पेटून विझायचं. मग कार्बोरेटर खोलला. पेट्रोल सोडणाऱ्या जेटच्या भोकात केसाएवढा कचरा अडकला होता. तो फुंकून काढला आणि पुढच्याच झटक्याला पंखा गरगरत दिसेनासा झाला.

"मास्तर, तुमच्या हातात जादूच आहे!" डॉक्टर जवळजवळ नाचलेच.

मास्तर सुई आवळत गेले. शर्ट ओढला गेला. ते थांबले आणि त्यांनी अंगठा वर केला.

विमान धावलं, उचललं गेलं, नाक वर करून चढू लागलं. आणि मास्तरांना पंख्याची पाती दिसली. पाती दिसणं म्हणजे पंखा थांबणं. डॉक्टर हातातल्या रिमोटच्या काड्या ओढत राहिले. विमान एका पंखावर कललं आणि कुंपणाच्या भिंतीवर जाऊन फुटलं.

तुकडे गोळा करताना डॉक्टर मास्तरांकडे तोंड करून म्हणाले, "इंजिनच दगा देऊन गेलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." शिव्या घातल्या असत्या तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

इंजिन त्यांनी डॉक्टरांकडून मागून घरी आणलं. सकाळी टेबलावर वर्तमानपत्र पसरून ते खोललं. ठिणगी निळीच होती. पॉइंट स्वच्छ, जेट मोकळं, टाकीची नळी धड. मग पिस्टन बाहेर काढला. त्याच्या अंगावर उभे ओरखडे होते आणि माथा भाजून पांढुरका पडला होता. पेट्रोल कमी पडल्याची खूण. म्हणजे सुई फार आवळली गेली. आणि सुई तर त्यांनी शर्ट ओढला जाईपर्यंतच आवळली होती.

बायको समोर कपड्यांच्या घड्या घालत होती. ते उठून तिच्यापुढे उभे राहिले. "उशिरा ओढलंस तू! लक्ष कुठे होतं तुझं?"

ती काही बोलायच्या आत मागच्या दाराने शेजारीण आत आली, वैतागलेली. तिचे हातवारे आणि ओठ एवढे ठळक की मास्तरांनाही कळलं. "केव्हाची बेल वाजवतेय! दोघंही घरात आणि कुणाला पत्ताच नाही?"

मास्तरांना बेल ऐकू येत नाही, यात नवल नव्हतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने हातातली घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

शेजारीण निरोप देऊन गेल्यावर ते म्हणाले, "कधीपासून?"

"झालं वर्ष."

"मग शर्ट कशावरून ओढायचीस?"

ती त्यांच्या तोंडाजवळ येऊन मोठ्याने, एकेक शब्द तोडून म्हणाली, "तुमच्या बोटांवरून. सुई आवळताना तुमची बोटं मध्येच हळू व्हायची. मला वाटायचं, यांना अजून थोडं ऐकू येतंय. तुमचं जमलं, असं समजून मी ओढायची."

"अगं, बोटं हळू व्हायची ती तू आता ओढशील म्हणून!"

ती हसायला गेली, पण मध्येच तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती खाली बसली. वर्षभरात लोकांनी त्या बोटांच्या भरवशावर किती विमानं वर सोडली होती, ते मास्तरांच्या डोळ्यांपुढून एकेक करून जाऊ लागलं.

"डॉक्टरांना सांगायला हवं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती दोघं दवाखान्यात गेली. बायको बाहेरच्या बाकावर बसली, मास्तर थेट आत शिरले. खुर्चीत एक पेशंट आ वासून पडला होता. मास्तरांनी सगळं एका दमात सांगून टाकलं. आवाज आपला आपल्यालाच ऐकू येत नसल्याने तो केवढा चढला, ते त्यांना समजलं नाही. बाहेर बसलेल्यांनी माना वळवल्या.

डॉक्टर त्यांच्याकडे वळले. मग बोलू लागले. पण नाकापासून हनुवटीपर्यंत मास्क होता. मास्क हलत होता, कपाळाला आठ्या पडत होत्या, हात एकदा वर जाऊन खाली आला. रागावले, की कीव केली, की उद्या या म्हणाले? बोलणं संपवून डॉक्टर उत्तराची वाट बघू लागले. पुन्हा सांगा, असं म्हणायला मास्तरांची जीभ रेटेना. त्यांनी नुसती मान हलवली, इंजिनाची पिशवी टेबलावर ठेवली आणि ते बाहेर आले.

"काय म्हणाले?" बायकोने विचारलं.

"कळलं नाही."

तिला तेही ऐकू गेलं नसावं. ती त्यांच्या ओठांकडे बघत थांबली. ते तिच्या शेजारी बाकावर बसले. समोरचे पेशंट एकेक करून आत गेले, गाल धरून बाहेर आले, तरी दोघांपैकी कुणीच उठेना.