चाळिसावं घर

"जुन्या दाराशी गं बाई, दिवा ठेव दिवेलागणी,
सवयीचा पाहुणा येई त्याच वाटेनं अंगणी."

मल्लिगेच्या, मोगऱ्याच्या कळ्या दोऱ्यात ओवता ओवता अंबूआत्या हे गुणगुणायची. घराचं दार पूर्वेकडून उत्तरेला नेलं, तरी चिणलेल्या जुन्या दाराशी ती रोज पणती ठेवी. आत्या जाऊन तीस वर्षं झाली होती. पण सदुसष्ट सालच्या त्या दुपारी, मल्लेश्वरमजवळच्या गणकयंत्रांच्या कारखान्यात, तार ओवणाऱ्या अनुसूयेच्या कानात तोच आवाज होता.

समोर विश्वासराव साहेब उभे होते. हातात आरंभाची पाटी. गणकयंत्र जागं झालं की आधी हीच पाटी वाचतं. भोकं पाडून गणितं लिहिलेल्या कागदी फिती कशा वाचायच्या, ते तिच्यात ओवलेलं असतं. मोहरीएवढे मणी, केसासारखी तार. तार मण्यातून गेली की एक, बाहेरून गेली की शून्य. मण्यांच्या एकेका ओळीला ओवणाऱ्या बायका घर म्हणत. यंदा नवा नकाशा आला होता. फीत वाचायची युक्ती चाळिसाव्या घरातून उठून सत्तराव्यात गेली होती, आणि चाळिसावं रिकामं ठेवायचं होतं.

"रिकामं म्हणजे रिकामं!" साहेब कडाडले. "इथे पाच मण्यांतून तार गेलीय. नकाशा काय भिंतीला शोभेसाठी दिलाय? सही कुणाची?"

शेवटची गाठ मारील तिनं चिठ्ठीवर सही करायची, असा तिथला रिवाज. ओवणी अनुसूयेची होती, गाठ नयनाची.

"माझी," नयना पुटपुटली.

"उद्यापासून येऊ नकोस."

 दोन वर्षांत नयनाची एक तार चुकली नव्हती, आणि घरची चूल तिच्याच पगारावर पेटत होती. "अक्का," ती वळली, "मी नुसती गाठ मारली. तुम्ही तरी बोला ना स्वल्प, एखादा शब्द!"

अनुसूया मांडीवरचे मणी निवडत राहिली. महिन्यापूर्वी तिनं साहेबांना विचारलं होतं, नकाशा बदलल्यावर जुन्या फितींचं काय म्हणून. साहेब हसले होते. "बाई, तुम्ही ओवा. विचार करायला आम्ही आहोत."

साहेबांनी यंत्रात जादाची पाटी बसवली. ती नयनानं एकटीनं ओवलेली, तंतोतंत नकाशाबरहुकूम. जुन्या फितींतली पहिली लावली, धरणाच्या भिंतीच्या गणिताची. फीत हातभर सरकली आणि यंत्र मुकं झालं. दुसरी लावली. तेच. चौथीपर्यंत साहेबांचा सदरा पाठीला चिकटला. कपाटात तीनशे फिती होत्या, तीन वर्षांचं काम, आणि प्रत्येक फीत सवयीनं चाळिसाव्या घरी जात होती. तिथे अंधार.

"मेलं सगळं," साहेब खुर्चीत कोसळले.

"ती मघाची पाटी लावून बघा की," नयना डोळे पुसत म्हणाली. "मला घालवायचंच आहे, तर बघून तरी घालवा."

साहेबांनी यंत्रवत पाटी बदलली. कळ दाबली. फीत सरसरत धावली, आकडे खडखडत उमटू लागले. दुसरी धावली. नव्या नकाशाची फीतही धावली.  साहेब छापल्या कागदाला बोट लावून पाहत होते, खरा आहे का म्हणून.

"चूक... आणि चालते? पोरी, काय केलंस तू?"

"मला काही ठाऊक नाही, साहेब. देवाशप्पथ!"

"योगायोग मग. योगायोगावर मी पाटी पास करणार नाही, आणि तुलाही ठेवणार नाही."

अनुसूया उठली. मांडीवरचे मणी घरंगळून फरशीभर झाले.

"योगायोग नाही तो. चाळिसाव्या घरात 'सत्तराव्यात जा' एवढंच ओवलंय. मी ओवलंय, नकाशा समोर ठेवून, समजून उमजून. दोन वर्षं त्या फितींना मी भोकं पाडलीत, साहेब. त्या कुठं जातात ते मला ठाऊक होतं. घालवायचं तर मला घालवा."

मग ती नयनाकडे वळली.

"तू विचारलंस तेव्हाच सांगायला हवं होतं गं. मी भ्याले."